एकच लिहायचं का?

५ मे, सोमवार

आजपासून उन्हाळी सत्र. विषय लेखन कौशल्य, दोन श्रेयांक, सगळं ऑनलाइन. वेळ सकाळी सातची ठेवलीय, कारण नऊनंतर लाइट जाते आणि पत्र्याखाली बसलेल्या पोरांच्या अंगाची लाही होते.

यादीत बावन्न नावं. आले एकोणतीस. कॅमेरा एकानेही उघडला नाही. मी सव्वा तास एकोणतीस काळ्या चौकोनांशी बोलले. मध्ये कुणाच्या तरी घरी म्हैस ओरडली, तेवढाच काय तो जिवंत आवाज. मी सवयीनं म्हटलं, "माइक बंद ठेवा." म्हैसही गेली. उगीच म्हटलं.

प्राचार्यांनी शनिवारीच बोलावून दम भरला होता. मागच्या उन्हाळ्यात चाळीस जणांचा प्रकल्प एकच निघाला, स्वल्पविरामासकट. विद्यापीठातून पत्र आलं. "या वेळी नक्कल दिसली की सरळ शून्य, मॅडम. दयामाया नको. पुन्हा असं झालं तर हा कोर्स आपल्याकडून काढून घेतील, आणि मग तुमच्या तासिकांचं काय ते मला विचारू नका." अकरा वर्षं झाली मला तासिका तत्त्वावर. दरवर्षी जूनमध्ये नवी ऑर्डर निघते की नाही, यावर माझं प्राध्यापक असणं अवलंबून. माझ्यावर कुणी कधी दया केली ते घरी येताना आठवून पाहिलं. आठवलं नाही.

अंगदच्या बियाणे कंपनीत खरिपाची घाई आहे. सकाळी सहाला जातो, येतो तेव्हा बोलायची ताकद नसते. नवरा सध्या नावाला आहे. म्हणून ही वही.

७ मे, बुधवार

'माझे गाव' या विषयावर दहा ओळी मागितल्या होत्या. तेवीस जणांनी पाठवल्या. त्यातल्या एकोणीस जणांचं गाव 'निसर्गाच्या कुशीत वसलेले' आहे. जालना जिल्ह्यात, मे महिन्यात! बदनापूरकडच्या एका पोराच्या गावात तर नारळाची झाडं डोलतायत. सगळं मोबाइलला विचारून लिहिलेलं. एका महाभागाने खाली 'हवे असल्यास मी हे अधिक भावनिक करून देऊ शकतो' हे मोबाइलचं वाक्यही तसंच ठेवलं. मी हसले आणि मग रडायला आलं. अकरा वर्षं मी काय शिकवून राह्यले?

चार जणांनी स्वतःचं लिहिलं. त्यात केदारखेड्याची इंद्रायणी. तिनं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. 'आमच्या गावात पुलावर उभं राह्यलं तरच रेंज येते. म्हणून ज्याला त्याला जे बोलायचं ते पुलावर येऊन बोलतो. समद्या गावाची गुपितं पुलाला माहीत हाईत, पर पूल कोनाला सांगत न्हाई.'

वाचून मजा वाटली. पण दहा ओळीत सतरा चुका. सतराच्या सतरा गोल करून पाठवल्या.

१० मे, शनिवार

तास संपल्यावर सगळे चौकोन गेले, एक राहिला. "मॅडम, एक बोलू का?" इंद्रायणी. मागे वाऱ्याचा आवाज, ट्रकचा हॉर्न. पुलावरच असणार.

पोरगी दुसऱ्या वर्षाला एकाच विषयात राह्यलीय. मराठीत! हा उन्हाळी कोर्स पास झाला तर ते श्रेयांक भरून निघतात आणि तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. वडिलांशी तिचा करार झालाय. पास झाली तर तिसरं वर्ष. नापास झाली तर शहागडचं स्थळ आलंय, हायवेवर टायरचं दुकान आहे त्यांचं, त्यांना हो म्हणायचं. "बाबा शब्दाचे पक्के हाईत, मॅडम. पास झाले तर एका शब्दानं बोलणार न्हाईत. पर नापास झाले तर मलाही बोलता यायचं न्हाई."

खरं लिहायचं तर पहिल्यांदा माझ्या मनात आलं, हे आलंच. दर उन्हाळ्यात एक तरी पोरगी लग्नाची गोष्ट सांगून मार्क मागते. पण ही मार्क मागत नव्हती. ती विचारत होती, "माझं काय चुकतं ते सांगा फक्त."

मी म्हटलं, "तुझं काही चुकत नाही. तू बोलतेस तसं लिहितेस, तेवढंच चुकतं. घरचं बोलणं घरी ठेव. मी सांगते तसं लिही आणि बघ पास होतेस की नाही."

"सांगाल तसंच करीन, मॅडम."

१४ मे, बुधवार

आज प्रमाण भाषेचा तास. मन लावून घेतला. पोरांना माझी स्वतःची गोष्ट सांगितली. आमचं गाव घनसावंगीकडे. एम.ए.ला गेल्ते तेव्हा पहिल्याच चर्चासत्रात मी उभी राहून "मला तसं वाटत न्हाई" म्हटलं आणि अख्खा वर्ग खो खो हसला. सरही हसले. त्या दिवशी खोलीवर आरशापुढे उभी राहून मी शंभर वेळा 'नाही' म्हटलं. माझ्या तोंडातलं 'न्हाई' गेलं ते गेलं.

हे ऐकून एका पोराने अंगठा पाठवला.

मग यादी करून गटावर टाकली. माय, बा, आज्जा, वावर, इहीर, कामून, तवा, मंग. ही मंडळी घरात सुखाने नांदू द्या, निबंधात आणू नका. माय नाही, आई. बा नाही, वडील. वावर नाही, शेत. कामून नाही, का. चांगली दीड पानं यादी झाली. तासाला मजा आली आज, खोटं कशाला बोलू.

१७ मे, शनिवार

शेवटच्या प्रकल्पाचा विषय दिला: 'माझ्या घरातील एक वस्तू'. सहाशे शब्द, साठ गुण. म्हणजे पास-नापास याच्यावरच.

इंद्रायणीने लगेच कच्चं पहिलं पान पाठवलं. बाकीची पानं रेंजमुळे गेली नाहीत म्हणे. तिची वस्तू भाकरीचं पीठ मळायची लाकडी काठवट. 'ही काठवट मायच्या हातची. म्हंजे मायनं केलेली न्हाई, सुतारानं केली. पर मायच्या हातानं पीठ मळून मळून ती मधी खोल झाली. मायचा हात केवढा व्हता ते पाह्यचं आसंल तं तिथं हात ठिवून पाह्यचा.'

दोनदा वाचलं. अशी पोरगी मराठीत नापास कशी होते? मग शहाण्यासारखी पेन्सिल घेतली. म्हंजे, व्हता, मधी, आसंल, तं. माय सहा वेळा, सहाही ठिकाणी गोल करून वर 'आई' लिहिलं. फोटो काढून पाठवून दिला.

दुपारी आमच्या विभागातल्या बाईंच्या मुलीच्या लग्नाला गेले. मंगल कार्यालयात बँड, जेवणाच्या पंगती, कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. तेवढ्यात इंद्रायणीचा मेसेज. 'मॅडम माय आन् आई एकच लिहायचं का?'

दीड पानाची यादी दिली तरी हेच विचारतात! पालथ्या घड्यावर पाणी. पण हिच्यावर रागवावंसं वाटेना. डाव्या हातात ताट, उजव्या अंगठ्याने लिहिलं, 'हो. एकच. प्रमाण भाषेत आईच.'

बराच वेळ ती काहीतरी लिहितेय असं दिसत होतं. मग आलं, 'ठीक आहे मॅडम.' ठीक 'आहे'! 'हाय' नाही. जिलबी जास्त गोड लागली मला.

२० मे, मंगळवार

हजर नऊ. लाइट पावणेआठलाच गेली. मोबाइलवर चालू ठेवलं तर माझाच आवाज तुटायला लागला. दहा मिनिटं बोलल्यावर कळलं की मी केव्हाच बाहेर फेकली गेल्ते आणि भिंतीशी बोलत होते. याला शिकवणं म्हणत नाहीत, उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. आणि शेळ्याही दिसत नाहीत.

अंगद म्हणाला, "तू कशाला एवढं मनाला लावून घेऊन राह्यली? पोरांना श्रेयांक पाह्यजे, कॉलेजला आकडे पाह्यजे. लेखन पाह्यजे कोणाला?"

मी म्हटलं, "मला."

"मंग तू लिही," असं म्हणून तो झोपला. बरोबर बोलला, म्हणून जास्त राग आला.

२८ मे, बुधवार

सत्तेचाळीस प्रकल्प आले. तीन दिवसांत तपासायचे. डोळ्यांची आग होतेय. कूलरचं पाणी संपलं तरी उठले नाही.

नकला ओळखायची युक्ती आता सापडलीय. पोरं एक तुकडा इथून घेतात, एक तिथून, आणि जोडतात. भाषा गुळगुळीत असते, पण माणसं मध्येच बदलतात. एकाच्या पहिल्या परिच्छेदात आजोबांचं घड्याळ, तिसऱ्यात ते काकांचं. एकीची आजी वर्षभरापूर्वी वारली आणि पान उलटलं तर दिवाळीला लाडू वळतेय. परतूरच्या एका पोराच्या घरात भिंतीतली शेकोटी निघाली, बर्फ पडतो म्हणून! माणूस बदललं की समजायचं, जोडकाम.

अकरा पकडले. अकरा शून्यं. पहिलं भरायला वेळ लागला, नंतर नाही.

३० मे, शुक्रवार

इंद्रायणीचा प्रकल्प मुद्दाम शेवटी ठेवला होता. सणाच्या ताटातला गोड घास शेवटी ठेवतात तसा.

टाइप केलेला. एक 'न्हाई' नाही, एक 'मंग' नाही. पहिलं पान ओळखीचं, काठवट, हाताने पडलेला खोलगा. पुढे हे:

'आई गेली तेव्हा मी सातवीत होते. तेरा दिवस काठवटीला कोणी हात लावला नाही. नंतरही वर्षभर वडील पिठाच्या गिरणीशेजारच्या घरातून भाकरी आणायचे. मग आई घरी आली. आईने काठवट पाहिली आणि विचारले, ही कोणाची? मी म्हणाले, आईची. त्यावर आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती भोकरदनच्या बाजारातून स्वतःसाठी परात घेऊन आली. आईची काठवट आईने आजपर्यंत वापरली नाही. पण दर शुक्रवारी आई ती धुऊन उन्हात ठेवते.'

मी तीनदा वाचलं. तेरा दिवस म्हणजे बाई मेलीच की! मेलेली बाई वर्षाने बाजारातून परात घेऊन येते? आईची काठवट आईने वापरली नाही म्हणजे काय? जोडकाम. पहिलं पान तिचं, पुढचं कुठून तरी दोन ठिकाणचं उचललेलं.

डोकं फिरलं माझं. बाकीच्या अकरा जणांचं काही वाटलं नाही, त्यांच्याकडून अपेक्षाच नव्हती. पण हिनं? हिच्यासाठी मी पेन्सिल घेऊन बसले. वर वाक्यंही कशी निवडली, पाणी यावं डोळ्यात अशी. शुक्रवारी धुऊन उन्हात ठेवते म्हणे! माझ्याही डोळ्यात आलं असतं, जर मी युक्ती शिकले नसते.

एकदा वाटलं, फोन करून विचारावं. नंबर काढलाही. मग वाटलं, त्या अकरा जणांना विचारलं का? त्यांनी काय माझं घोडं मारलंय? ही लिहिते छान म्हणून हिला वेगळा न्याय? पाच वाजता पोर्टल बंद होणार होतं. चार चाळीसला शून्य भरलं. शेरा: 'मजकुरात विसंगती. नक्कल.'

ते शहागडचं स्थळ मला आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं.

२ जून, सोमवार

निकाल लागला. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. "साधना मॅडमनी बारा नकला पकडल्या. याला म्हणतात काम." टाळ्या झाल्या, चहा झाला. बारावी नक्कल कुणाची, हे कुणी विचारलं नाही.

इंद्रायणीचा मेसेज आला. 'मॅडम माझे काय चुकले?'

मी लिहिलं, 'तुझं तुला माहीत. नियम सगळ्यांना सारखा.'

तासाभराने, 'मी सगळे तुम्ही सांगितले तसेच केले मॅडम.'

म्हणजे वर मलाच! उत्तर दिलं नाही. पण तेव्हापासून कशात लक्ष नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं. अंगद तरीही जेवला, तेही सहन झालं नाही.

४ जून, बुधवार

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी दहाला अनोळखी नंबर. मागे पुलावरचा वारा. "हालो, साधना मॅडम हाईत का? म्या इंद्रायणीची आई बोलून राह्यले, केदारखेड्याहून. झुंबरबाई."

मी आवाज कडक केला. "बोला."

"मॅडम, पोरगी दोन दिस झाले धड जेवंना. तिनं काय वंगाळ लिवलं का? मला लिवता-वाचता येत न्हाई. पर तिनं समदं मला वाचून दाखिवल्तं. वंगाळ तं काहीच नव्हतं त्यात. माह्याबद्दल बी चांगलंच व्हतं."

"वाईट नाही हो लिहिलं. पण दोन ठिकाणचं उचलून जोडलंय तिनं. आधी लिहिलं, आई वारली. मग लिहिलं, आई घरी आली, परात आणली. असं कसं होईल? तुम्हीच सांगा."



"मंग बराबर हाय की, मॅडम. तिची माय वारली. मंग म्या आले."

मी खाली बसले. स्वयंपाकघरात, फरशीवर.

"म्या दुसरेपनाची हाय, मॅडम. ती वारलेलीला माय म्हंती आन् मला आई. म्या उंबऱ्यात पाय ठिवला त्याच दिशी तिनं मला सांगितल्तं, मी तुमाला माय म्हणणार न्हाई, आई म्हणंल. एवढीशी व्हती. म्या म्हणलं, चालंल की, माय एकच आसती मान्साला. वाचून दाखिवलं तवा तिनं माय येगळी आन् आई येगळी आसंच वाचलं व्हतं. मंग लिवताना कामून एक केलं पोरीनं?"

मला खोटं बोलता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. मी म्हटलं, "मी सांगितलं म्हणून."

"तुमी सांगितलं?"

"हो. तिनं विचारलं होतं मला. मी म्हटलं, एकच लिही."

"मंग मार्क कामून न्हाई देले?"

रागाने नाही विचारलं तिनं. खरंच कळेना म्हणून विचारलं.

मग ती म्हणाली, "दुरुस्त करता येत आसंल तं जल्दी करा, मॅडम. शुक्रवारी शहागडचे पाव्हणे सुपारी फोडायला येऊन राह्यले. एकदा सुपारी फुटली की मंग माह्या हातात काई न्हाई. मालकाला म्या चार दिस थांबा म्हणून राह्यले, पर त्यांनी पोरीला शब्द देल्ता, पोरीनं त्यांना देल्ता. कोन कोनाला थांबवणार?"

फोन ठेवल्यावर जुने मेसेज काढून पाहिले. 'मॅडम माय आन् आई एकच लिहायचं का?' पोरीनं विचारलं होतं. सरळ विचारलं होतं. मी जिलबी खात होते.

५ जून, गुरुवार

सकाळी आठलाच प्राचार्यांच्या केबिनबाहेर जाऊन बसले. ते अकराला आले. अर्ज लिहून नेला होता: 'माझ्या चुकीच्या सूचनेमुळे विद्यार्थिनीच्या लेखनात विसंगती निर्माण झाली. तिने नक्कल केलेली नाही. चूक माझी आहे.'

त्यांनी वाचला, चष्मा काढला. "मॅडम, पोर्टल बंद झालं. आता विद्यापीठाच्या समितीपुढे जावं लागतं. ती ऑगस्टमध्ये बसते."

"उद्या सुपारी आहे तिची."

"मग मी काय करू? आणि हे असं 'चूक माझी' वगैरे लिहून देऊ नका. उद्या ते बाकीचे अकराही येतील, मॅडमनी आमचंही असंच केलं म्हणून. कोर्स जाईल, तुम्ही जाल." मग माझ्याच पेनाने त्यांनी अर्ज दुरुस्त केला. 'माझ्या चुकीच्या सूचनेमुळे' काढून 'अनवधानाने' लिहिलं. शेवटचं वाक्य खोडलं. "आता बघा, कसं नीटनेटकं झालं."

मी नव्याने लिहून सही केली. हो, केली. तिथं बसून मला माझ्या जूनच्या ऑर्डरची भीती वाटली. त्या पोरीपेक्षा जास्त वाटली. हे कुठंतरी खरं लिहिलं पाहिजे म्हणून इथं लिहिते.

दुपारी केदारखेड्याला फोन केला, तिच्या वडिलांना थेट सांगावं म्हणून. रखमाजी पुलाजवळच्या बांधावर होते, म्हणून लागला. ऐकून घेतलं सगळं. म्हणाले, "तुमी म्हंता ते खरं आसंल, मॅडम. पर कागदावर काय हाय? पास हाय का नापास?"

"सध्या नापास आहे."

"मंग झालं तर."

६ जून, शुक्रवार

दिवसभर फोन हातात. कुणाचा आला नाही, मी केला नाही. पाचच्या सुमाराला वाटलं, फुटली असेल आता.

८ जून, रविवार

बैल गेला अन् झोपा केला. तरी गेले. भोकरदनच्या बसने, खिडकीला डोकं लावून. काय बोलायचं ते चार वेळा ठरवलं. उतरल्यावर त्यातलं काही उरलं नाही.

घर सोपं सापडलं. रखमाजी बाहेरच बाजेवर बसले होते, पेरणीआधी दोरखंड नीट करत. उठून उभे राहिले. "या या, मॅडम. एवढ्या उन्हाचं? आगं, पानी आन." शिव्या खायची तयारी करून गेल्ते मी. माणसाने डोक्यावरची टोपी नीट केली आणि मला बाजेवर जागा दिली. यापेक्षा शिव्या बऱ्या.

पाणी इंद्रायणी घेऊन आली. पहिल्यांदा पाहिली तिला. एवढे दिवस नुसता काळा चौकोन. बारीक चणीची, कपाळावर कुंकू अजून ओलं असल्यासारखं लाल, हातात नव्या बांगड्या.

"पाणी घ्या, मॅडम. प्रवासात त्रास झाला नाही ना?"

एकही अक्षर इकडचं तिकडं नाही. मी शिकवलेलं.

मी म्हटलं, "इंद्रायणी, चूक माझी होती. तुझी नव्हती. मी नीट वाचलंच नाही."

"असू द्या, मॅडम. नियम सगळ्यांना सारखा असतो."

"अगं, माझ्याशी असं बोलू नको. घरच्यासारखं बोल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. "आता हेच तोंडात बसलंय, मॅडम," म्हणाली आणि तांब्या घेऊन आत गेली.

मी रखमाजींना ऑगस्टच्या समितीचं सांगितलं. निकाल बदलेल, मी स्वतः पाठपुरावा करीन, असं बरंच. त्यांनी मान हलवली. "आगस्टात लग्नाला दोन महिने व्हतील, मॅडम. तिकडच्यांनी शिकू देलं तर शिकंल. न्हाई देलं तर न्हाई." झुंबरबाई दारात उभी होती. पदर तोंडाला धरून. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. फोनवर जी बोलली होती ती हीच का, असं वाटलं.

निघायला उठले तर रखमाजी म्हणाले, "थांबा. बरं झालं तुमी आल्या. एक काम हाय तुमच्याजोगतं." आतून वहीचं दुमडलेलं पान घेऊन आले. "पत्रिकेचा मजकूर हाय. उद्या भोकरदनला छापायला टाकायचा. छापनारे लई चुका करतेत. तुमी मराठीच्या हाव, एकदा नजर घाला."

अक्षर इंद्रायणीचं होतं.

पर्समधून पेन काढलं. पेन हातात असलं की मला बसता येतं, म्हणून. वाचलं. वराचं नाव, तिचं नाव, दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं, तिथी, वार, मुहूर्त, 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे'. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ऱ्हस्व दीर्घ जिथल्या तिथं, स्वल्पविराम जिथल्या तिथं. एक तरी चूक सापडावी म्हणून तिसऱ्यांदा वाचलं. कुठंतरी एखादा 'न्हाई', एखादा 'मंग', काहीतरी राहिलेलं असावं. काही राहिलं नव्हतं.

"बराबर हाय का, मॅडम?" रखमाजींनी विचारलं.

मी म्हटलं, "बिलकुल बराबर हाय. एक बी चूक न्हाई. टाका छापायला."